गंजलेल्या मोटारीचे मोल

काशीयात्रेस गेलेला मराठी प्रवासी विश्वेश्वराचे दर्शन, गंगास्नान आणि घाटांचे नौकेतून अवलोकन आटोपल्यावर बहुधा एक दुपार गंगेच्या पैलतीरावरील रामनगरासाठी राखून ठेवतो. चुनारच्या फिकट पिवळसर दगडात बांधलेला तेथील किल्ला काशीनरेश बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकात उभारला. त्यातील संग्रहालयात पालख्या, हत्तीवरचे हौदे, जुनी शस्त्रे आणि एक खगोलीय घड्याळ यांच्या जोडीला राजघराण्याच्या जुन्या अमेरिकी मोटारीही ठेवलेल्या आहेत. पालखीपुढून झरझर निघून जाणारा शाळकरी मुलगा मोटारीपुढे मात्र रेंगाळतो आणि बरोबरच्या वडीलमाणसास विचारतो, "ही दुरुस्त केली तर चालेल का हो?"

या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मोटार चालेल का, हा पहिला. त्याचे उत्तर जवळजवळ नेहमीच 'होय' असे असते. पुरेसा पैसा आणि पुरेसा धीर असेल तर नुसत्या सांगाड्यावरूनही मोटार पुन्हा उभी करता येते. ती चालती करावी का, हा दुसरा प्रश्न होय. त्याचे उत्तर देताना रसायनशास्त्र, यांत्रिकी, हिशेब आणि इतिहास या चौघांचीही साक्ष काढावी लागते. जुन्या मोटारीच्या मोहाने अनेक कुटुंबांची शिल्लक गॅरेजात जिरली आहे, आणि घाईने भंगारवाल्याच्या काट्यावर चढविलेली एखादी दुर्मिळ गाडी कायमची नाहीशीही झाली आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा विचार सावकाशीने केलेला बरा.

आरंभ गंजापासून करू. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, एवढे आपण शाळेत शिकतो. परंतु गंज नेमका कोठे चढतो आणि धातू नेमका कोठे झिजतो, हे समजल्यावाचून मोटारीची परीक्षा करता येत नाही. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यु. आर. इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी एक सुंदर प्रयोग योजला. तो कोणत्याही माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहता येईल. पोलिसपेपरने घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. त्या पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड व फिनॉल्फ्थॅलीन यांचा अंश आधीच मिसळलेला असावा. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग उमटतो, कडेला गुलाबी रंग येतो, आणि पुढे या दोहोंच्या मधोमध गंजाचे तपकिरी कडे तयार होते.

निळा रंग सांगतो की मध्यभागी लोखंड विरघळत आहे. गुलाबी रंग सांगतो की कडेला पाणी अल्कधर्मी होत आहे. थेंबाची कड पातळ असल्यामुळे तेथे हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. लोखंडाचे अणू मध्यभागी आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे वाहतात, आणि तेथे प्राणवायू व पाणी त्यांचा स्वीकार करतात. म्हणजे एका थेंबाखाली एक लहानशी विद्युत्‌घटमालाच सुरू होते. या घटात धातू झिजतो एका जागी आणि गंज साचतो दुसऱ्या जागी. शिवाय जेथे हवा कमी तेथेच झीज अधिक, ही गोष्ट आपल्या सहज समजुतीच्या अगदी उलट आहे.

मोटारीच्या बाबतीत हा थेंब फार मोठा धडा देतो. बॉनेटच्या उघड्या पत्र्यावर दिसणारा लालसर थर पाहून मालक घाबरतो, पण तो थर बहुधा वरवरचाच असतो. गंजात लोखंडाबरोबर प्राणवायू आणि पाणीही सामावलेले असते. एक किलोग्रॅम लोखंडाचा सुमारे १.६ किलोग्रॅम जलयुक्त गंज होतो, आणि आकारमान तर तिपटीहूनही वाढते. म्हणून एक मिलिमीटरच्या दशांशाइतके लोखंड झिजले तरी वरचा थर भयंकर दिसतो. त्या काळच्या मोटारींचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाड असे; त्यातील दशांश गेला तर अद्याप पुष्कळ शिल्लक आहे. खरा धोका लपलेला असतो : दोन पत्रे जेथे एकावर एक जोडले आहेत त्या फटीत, मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलाखाली, खिडकीच्या रबरी पट्टीमागे, सांगाड्याच्या पोकळ पट्ट्यांच्या आत. अशा ठिकाणी पाणी टिकते व हवा कमी पोहोचते. फटीत जन्मलेला गंज आकारमानाने फुगतो आणि पाचर ठोकल्याप्रमाणे जोड उसवीत जातो. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच आतून चाळण झालेली असते.

वाराणसीची हवा या कामी मधल्या प्रतीची म्हणता येईल. मुंबईची किंवा रत्नागिरीची खारी हवा तेथे नाही, हे मोटारीचे भाग्य. मीठ हे गंजाचे मोठे सहायक आहे. वैशाख-ज्येष्ठातील कोरड्या लूमध्ये गंजण्याची क्रिया जवळजवळ थांबते. कारण हवेची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय स्वच्छ लोखंडावर गंजास पुरेसा ओलावा धरत नाही. परंतु आषाढापासून आश्विनापर्यंत ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि पौषातील धुक्यात पहाटे थंड पत्र्यावर दव साचते. त्याशिवाय गंगेचा पूर आहे. १९७८ च्या सप्टेंबरात तेथे गंगेची पातळी ७३.९ मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची खूण ७१.२६ मीटरवर आहे. जी मोटार एकदा पुरात उभी राहिली, तिच्या पोकळ भागांत नदीचा बारीक गाळ शिरतो. तो कधीही पुरता निघत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे ओल धरून ठेवतो. म्हणून काशीतील जुनी मोटार पाहावयास जाणाऱ्याने 'ही कोणत्या साली बंद पडली' याआधी 'ही १९७८ साली कोठे उभी होती' असे विचारावे, हे माझे मत.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातील यंत्राचा तपशील खरा आहे. समजा, विश्वविद्यालयाजवळील लंका भागात एका जुन्या बंगल्याच्या मागे, टिनाच्या छपराखाली, एक एम. जी. टी. डी. चाळीस वर्षे उभी आहे. आजोबांनी हौसेने घेतलेली ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्‌स मोटार नातवंडांच्या वाट्यास आली आहे. त्यांच्यापैकी एकास ती पुन्हा चालवावयाची आहे. दुसऱ्यास त्या पैशात घराचे छप्पर दुरुस्त व्हावे असे वाटते. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. निर्णय मात्र मोटारीच्या अंगावरूनच व्हावयास हवा.

टी. डी. ही मोटार इंग्लंडात १९५० ते १९५३ या काळात बनली. सुमारे तीस हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. तिचे यंत्र १२५० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. तिची रचना जुन्या पद्धतीची आहे : खाली पोलादी पट्ट्यांचा स्वतंत्र सांगाडा, त्यावर अ‍ॅश नावाच्या लाकडाची चौकट, आणि त्या चौकटीवर ठोकलेला पोलादी पत्रा. पायाखालची जमीनही फळ्यांचीच. मोटारीत लाकूड असते हे ऐकून आजच्या विद्यार्थ्यास नवल वाटेल. आपल्या देशात मात्र त्या लाकडाचे एक वेगळेच मरण आहे. ओल्या मातीवर उभ्या राहिलेल्या गाडीस वाळवी लागते, आणि इंग्लंडात कोणत्याही कारागिरास ठाऊक नसलेली पोकळ, कागदासारखी चौकट येथे पाहावयास मिळते.

परीक्षेस लागणारी हत्यारे साधी आहेत. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते अचानक सैल पडते, तेथे रंगाखाली पोलाद नसून लांबी भरलेली आहे असे समजावे. पूर्वीच्या मालकाने भोक बुजवून वर रंग दिला असणार. मग आरी घेऊन सांगाड्याच्या पट्ट्या खालून टोचाव्यात. आरी टेकून थांबली तर ठीक. रुतली तर तेथील धातू गेला. हलक्या हातोडीने ठोके देत जावे. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, तीच रीत येथेही उपयोगी पडते. चांगली पट्टी खणखणते. गंजून पातळ झालेली किंवा आत गाळ भरलेली पट्टी बद्द वाजते. टी. डी. च्या सांगाड्याच्या पट्ट्या पेटीसारख्या बंद असल्यामुळे हा ठोका विशेष महत्त्वाचा आहे. शेवटी दार उघडून ते हाताने किंचित वर उचलावे. बिजागरीसकट सारा खांब हलला तर लाकडी चौकट संपली.

यंत्र पाहण्याची घाई करू नये. सामान्य माणूस प्रथम 'इंजिन फिरते का' हे पाहतो. वास्तविक जुन्या मोटारीत इंजिन ही बहुधा सर्वांत लहान चिंता असते. सिलिंडरांत पिस्टन अडकले असतील तर तेथे पातळ तेल सोडून काही दिवस भिजत ठेवावे. जोर करू नये. थंड देशांत हिवाळ्यात आतले पाणी गोठून ब्लॉकला तडा जातो. वाराणसीत कडाक्याच्या थंडीतही ती भीती नाही. ज्या हवेने लाकूड वाळवीच्या स्वाधीन केले, तिनेच ब्लॉक राखला, असा हा न्याय आहे.

इतके पाहून झाल्यावर हिशेबाकडे वळावे. समजा सांगाडा चांगला निघाला, पण लाकूड गेले आणि पत्र्याचा खालचा वीतभर भाग कुजला. अशा स्थितीत मोटार वाचविणे शक्य आहे आणि पुष्कळदा योग्यही आहे. या जातीच्या मोटारींसाठी तयार लाकडी चौकटी व बहुतेक सुटे भाग इंग्लंडात आजही बनतात. ते आणविताना भाडे व सीमाशुल्क मोजावे लागते, हे विसरू नये. पर्याय म्हणून कुशल सुतार जुन्या चौकटीच्या मापाने सागवानी चौकट उभी करू शकेल. सागास वाळवी सहसा लागत नाही. मात्र ती मोटार तेवढ्यापुरती मूळची राहणार नाही. पत्रा ठोकण्याचे कामही आपल्या देशात अद्याप हाताने होते. वाराणसीच्या ठठेरी बाजारातील पितळेच्या भांड्यांवरचे हातोडीचे काम पाहिले म्हणजे धातूला वळण देण्याची समज या गावात किती जुनी आहे ते कळते. पोलाद पितळेइतके सोशीक नाही, हे खरे. पण नजर आणि हात यांची तयारी तीच लागते.

आता उलट बाजू पाहू. समजा वरचा पत्रा देखणा आहे, चाके फिरतात, इंजिनही गुरगुरते, पण सांगाड्याच्या पट्ट्या चार ठिकाणी रुतल्या. पुष्कळ खरेदीदार येथेच फसतात. सांगाड्यावर चाकांचा, ब्रेकचा, सुकाणूचा आणि प्रवाशांचा भार असतो. खड्ड्यात चाक आदळल्यावर तो वाकला तर मोटारीची किंमत किती, हा प्रश्नच उरत नाही. वरून पट्टी जोडून वेल्डिंग केले तरी खालचा पातळ धातू तो जोड धरीत नाही. शेजारीच नवी चीर पडते. सांगाडा बदलावा म्हटले तर मग मूळचे उरले काय? नवी चौकट, नवा पत्रा, नवा सांगाडा आणि आजोबांच्या मोटारीचा फक्त क्रमांक! 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण अशा वेळी आठवते. फरक इतकाच की येथे कोंबडीही उरलेली नसते.

हिशेबाची रीत दाखविण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. कामास १२ लाख रुपये लागतील आणि पूर्ण झालेली मोटार ८ लाखांस जाईल, तर ४ लाखांचे अंतर हौसेने भरावयाचे आहे. हे अंतर भरणे चूक नव्हे. लोक लग्नातही याहून अधिक उधळतात. पण ते अंतर आहे हे कामास हात घालण्यापूर्वी कागदावर लिहिलेले असावे, आणि उघडल्यावर दिसणाऱ्या लपलेल्या गंजासाठी अंदाजाच्या निम्मी रक्कम वेगळी धरावी. अर्धवट सोडलेली मोटार ही सर्वांत महाग. तिचे तुकडे झालेले असतात, निम्मे स्क्रू हरवलेले असतात, आणि कोणता भाग कोठला हे सांगणारा मिस्त्री दुसरीकडे गेलेला असतो.

मोटार चालती झाल्यावरचे आयुष्यही विचारात घ्यावे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार वेगळ्या वर्गात नोंदविता येते. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरविण्यात आले आणि मुदत दहा वर्षांची. अशी मोटार रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालविता येत नाही. तेव्हा 'जुनी मोटार घेतली म्हणजे कचेरीत जाण्यायेण्याचा खर्च वाचेल' हा विचार मुळातच गैरलागू आहे. मालकीची कागदपत्रे नसतील तर परीक्षा तेथेच थांबवावी. आणखी एक अडचण अलीकडची आहे. भारतात पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व सीले खराब करते. चार महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टाकीत तळाशी पाणी साचून आतून गंज धरतो. तेव्हा जुनी मोटार बाळगणाऱ्याने नळ्या बदलाव्यात आणि पावसाळ्यात टाकी रिकामी करून वाळवून ठेवावी.

येथवर आपण मोटार चालविण्याच्याच दृष्टीने बोललो. परंतु गंजलेली मोटार चालती न करताही मोलाची ठरू शकते, याचे एक विलक्षण उदाहरण युरोपात घडले. १९२५ सालची बुगाटी टाइप २२ ही शर्यतीच्या वंशातील मोटार आयातकर न भरल्यामुळे स्वित्झर्लंडमध्ये अडकून पडली, आणि १९३६ साली जकात अधिकाऱ्यांनी ती माज्जोरे सरोवरात सोडली. कोणी मागे आलाच तर वर काढता यावी म्हणून ती साखळीने बांधली होती. पुढे ती साखळीच गंजून तुटली आणि मोटार सुमारे ५३ मीटर खोल तळाशी गेली. २००९ च्या जुलैत पाणबुड्यांनी ती बाहेर काढली. तिचा फार थोडा भाग पुन्हा वापरण्याजोगा उरला होता. तरीही पुढच्या वर्षी पॅरिस येथील लिलावात ती सुमारे २ लाख ६० हजार युरोंस विकली गेली. घेणाऱ्याने तिची दुरुस्ती केली नाही. कॅलिफोर्नियातील मलिन मोटार-संग्रहालयात, ते २०२४ साली बंद होईपर्यंत, ती जशी पाण्यातून निघाली तशीच मांडलेली होती. ती नवी केली असती तर जगात आणखी एक चकचकीत बुगाटी झाली असती. त्र्याहत्तर वर्षे सरोवराच्या तळाशी राहिलेली मात्र एकही उरली नसती.

रामनगरसारख्या संग्रहालयातील मोटारींस हाच न्याय लावावा लागतो. तेथील पालखीस नवे दांडे घालून कोणी तीत बसत नाही. मोटारीनेही धावलेच पाहिजे असा आग्रह का धरावा? तिच्यावरचा जुना रंग, झिजलेले चामडे, आणि परदेशी भाग न मिळाल्यामुळे स्थानिक मिस्त्रीने घडवून बसविलेला एखादा ओबडधोबड कवडा हीच तिची बखर असते. पत्रा घासून नवा रंग दिला की ती बखर पुसली जाते आणि पुन्हा लिहिता येत नाही.

तेथे काम दुरुस्तीचे नसून गंज थांबविण्याचे असते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांपैकी एक आपल्या ओळखीचे आहे. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनतो. सैल गंज झाडून टाकून उरलेल्या थरावर टॅनिक आम्लाचा द्राव दिला तर तोच संयोग पत्र्यावर घडतो. त्यावर मेणाचा पातळ हात दिला, दालनात आर्द्रतामापक टांगला आणि पावसाळ्यात हवा कोरडी राखली, म्हणजे मोटार पुष्कळ काळ आहे तशी राहते. रस्त्यावर जाणाऱ्या मोटारीच्या सांगाड्यावर मात्र या उपायाची भिस्त ठेवता येत नाही. रसायन झीज थांबवते. गेलेली जाडी परत देत नाही.

लंकेतील त्या कल्पित टी. डी. कडे परत येऊ. ती बुगाटीसारखी एकमेव नाही. तीस हजारांतील एक आहे. म्हणून तिचा गंज संग्रहालयात ठेवण्याजोगा नाही. सांगाडा खणखणला आणि कागद सापडले तर छपराचे काम आधी करून, मोटारीस दोनतीन वर्षांची मुदत द्यावी. तोवर तिच्याखालची माती काढून विटांवर उभी करावी, चिखल धुऊन पोकळ पट्ट्यांत तेल सोडावे. यास फारसा खर्च नाही आणि एकही दार बंद होत नाही. आरी रुतली तर मोह आवरावा. पण भंगाराच्या वजनाने विकण्यापूर्वी इंजिन, गिअरपेटी, मापके, दिवे आणि जाळीचा मुखवटा काढून ठेवावा. भारतात कोठेतरी दुसऱ्या एखाद्या टी. डी. चा सांगाडा शाबूत असेल आणि तिच्या मालकास नेमके हेच भाग हवे असतील. त्याच्या मोटारीत आजोबांचे इंजिन पुन्हा सुरू होईल, आणि नातवाने मागितली तर तो एक फेरीही नाकारणार नाही.